पत्त्यांची पेटी आणि शब्दांची वाट : ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’चा परिचय

माझी भाची यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. जीवशास्त्रातल्या लांबलचक इंग्रजी शब्दांनी ती हैराण झाली, तेव्हा मी तिच्यासाठी इंग्रजी शब्दांच्या ग्रीक मुळांची छापील पत्त्यांची एक पेटी मागवली. पेटी देखणी होती आणि कागदही जाड होता. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला त्याचा एका शब्दात अर्थ, अशी तिची मांडणी होती. उत्पादकाचे नाव मी घेत नाही, कारण हा दोष त्या एका पेटीचा नसून अशा मांडणीचाच आहे. पहिल्याच आठवड्यात भाचीने मला विचारले, ‘मामा, मेट्रोपोलिस म्हणजे मोजलेले शहर का?’ तिची काही चूक नव्हती. पत्त्यावर ‘मेट्रो म्हणजे माप’ एवढेच छापलेले होते आणि जॉमेट्री, मेट्रोनोम हे शब्द उदाहरणादाखल दिलेले होते. त्या न्यायाने तिने काढलेले अनुमान तर्कशुद्धच होते.

पुढे तपासत गेलो तशी आणखी विसंगती सापडली. ‘होमो’च्या पत्त्यावर ‘समान, माणूस’ असे दोन्ही अर्थ स्वल्पविराम देऊन शेजारी बसवले होते. वास्तविक होमोजिनियसमधला होमो ग्रीक आहे आणि होमो सेपियन्समधला लॅटिन; दोघांचे गोत्र वेगळे आहे. ‘पेड’च्या पत्त्यावर पेडल, पेडेस्ट्रियन आणि पेडिॲट्रिक्स ही मंडळी एकत्र नांदत होती. त्यांतली पहिली दोन लॅटिनमधल्या पायावरून आली, तर तिसरी ग्रीक ‘पाइस’ म्हणजे मूल या शब्दावरून. त्यामुळे त्या पेटीच्या भरवशावर बालरोगतज्ज्ञाला पायांचा डॉक्टर समजण्याची पुरेपूर सोय झाली होती. याच कारणाने मी पेटी बाजूला ठेवली आणि भाचीच्या हाती ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हे संकेतस्थळ दिले. वापरणारे त्याला ‘एटिमॉनलाइन’ या नावाने ओळखतात. गेले काही महिने आम्ही दोघे ते नियमाने वापरत आहोत आणि हा परिचय त्या वापरावर आधारलेला आहे.

हे संकेतस्थळ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या आरंभी सुरू केले. ते वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ते शब्दाचा आजचा अर्थ सांगणारा कोश नाही. तो शब्द इंग्रजीत लेखी स्वरूपात पहिल्यांदा साधारण केव्हा आढळतो, कोणत्या भाषेतून आला, त्या भाषेत तो कोठून आला आणि वाटेत त्याचा अर्थ कसा पालटला, हे तो सांगतो. नोंदीतल्या बहुतेक घटकांवर बोट ठेवले की त्या घटकाची स्वतंत्र नोंद उघडते. त्यामुळे एका शब्दासाठी आत शिरलेला माणूस अर्ध्या तासाने भलत्याच गावी पोहोचलेला असतो, आणि ही या कोशाची खरी गंमत आहे.

‘मेट्रोपोलिस’चेच पाहू. नोंद उघडल्यावर कळते की यातला पहिला भाग ग्रीक ‘मेटेर’ म्हणजे आई, आणि दुसरा ‘पोलिस’ म्हणजे नगर. ग्रीक लोक समुद्रापार नव्या वसाहती करत, तेव्हा ज्या नगरातून वसाहतकार निघाले ते त्या वसाहतीचे मातृनगर ठरत असे. सिसिलीतल्या सिराक्यूजचे मातृनगर कोरिंथ होते. मापाचा ‘मेत्रोन’ हा शब्द वेगळा आहे आणि त्याचा पहिला स्वर ऱ्हस्व आहे. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पेटीची फसगत झाली. पण मराठी वाचकाला खरा आनंद देणारी ओळ त्याच्या पुढची आहे. ‘मेटेर’ आणि मातृ हे सगोत्र शब्द आहेत, तसेच ‘पोलिस’ आणि पुर हेही सगोत्र आहेत. म्हणजे मेट्रोपोलिस हा सरळसरळ ‘मातृपुर’ झाला. लंडनमध्ये 1863 साली ‘मेट्रोपॉलिटन’ नावाची भुयारी रेल्वे सुरू झाली, पॅरिसमध्ये 1900 साली तशाच नावाची गाडी धावू लागली, आणि लोकांच्या तोंडी त्या लांब नावाचा शेपटीकडचा भाग गळून ‘मेट्रो’ तेवढे उरले. नगर पडले आणि आई राहिली. आता ‘नागपूर मेट्रो’ हे दोन शब्द उच्चारून पाहा : गळून पडलेला ‘पोलिस’ आपल्या ‘पूर’च्या रूपाने पुन्हा आईला येऊन मिळाला आहे. त्याच ‘पोलिस’पासून नगराचा कारभार असा अर्थ घेऊन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला शब्द आपल्या प्रत्येक गावात खाकी गणवेशात उभा आहे, हे वेगळे सांगायला नको.

अशी एक नोंद वाचल्यावर पेटीत आणि या कोशात फरक कोठे आहे ते ध्यानात येते. पेटी अर्थ सांगते आणि कोश वाट दाखवतो. मुळाचा अर्थ पाठ करून नवा शब्द उलगडतो, ही समजूत फार थोड्या शब्दांपुरती खरी आहे. टेलिफोन, फोटोग्राफ असे शब्द ग्रीकांनी कधी उच्चारलेच नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संशोधकांनी ग्रीक सुटे भाग जोडून ते तयार केले. असे शब्द पेटीने सहज सुटतात, कारण ते मुळात पेटीच्याच पद्धतीने घडवलेले असतात. जे शब्द माणसांच्या तोंडून शतकानुशतके घासत, झिजत आले, तिथे मात्र पेटी मुकी होते. ‘सर्जरी’ या शब्दात ग्रीक आहे हे पत्त्यावरून कधीच कळणार नाही. कोशात मात्र दिसते की ‘खेइर’ म्हणजे हात आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम यांचा जोडशब्द लॅटिनमध्ये ‘खिरुर्गिया’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याची आणखी मोडतोड झाली आणि इंग्रजीत त्याचा ओळखूही न येणारा अवशेष उरला. डिश आणि डेस्क हे दोन्ही शब्द ग्रीक ‘डिस्कोस’ म्हणजे थाळीसारखी चकती या एकाच शब्दाचे वंशज आहेत. लॅम्प, पेपर, चेअर, बॉक्स, चर्च हे सगळे ग्रीक घरातून निघालेले शब्द इतके घरगुती झाले आहेत की त्यांना कोणी पत्त्यावर छापत नाही. नेमके हेच शब्द रोजच्या वापरातले आहेत.

‘स्कूल’ या नोंदीपाशी भाची बराच वेळ थांबली. ग्रीक ‘स्खोले’ म्हणजे फुरसत. फुरसतीच्या वेळी ग्रीक नागरिक ज्या चर्चेत रमत तिलाही तोच शब्द लागू झाला, मग चर्चेच्या जागेला, आणि तिथून लॅटिनमार्गे तो जुन्या इंग्रजीत शिरला. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी आणि रात्री सराव परीक्षा असा दिनक्रम असणाऱ्या मुलीला ही व्युत्पत्ती सांगताना मलाच थोडे ओशाळल्यासारखे झाले.

जीवशास्त्रासाठी या कोशाचा झालेला उपयोग मात्र माझ्या अपेक्षेपलीकडचा होता. त्याचे श्रेय निम्मे कोशाला आणि निम्मे आपल्या भाषेला द्यावे लागेल. तांबड्या रक्तपेशीला ‘एरिथ्रोसाइट’ म्हणतात. यातला ‘एरिथ्रोस’ म्हणजे तांबडा, आणि कोश त्याच्या भावंडांमध्ये संस्कृत ‘रुधिर’ दाखवतो. एकदा हे पाहिल्यावर तो शब्द पाठ करावा लागत नाही. पांढऱ्या पेशीच्या ‘ल्युकोसाइट’मधला ‘लेउकोस’ हा चमकणे या अर्थाच्या रुच् धातूचा नातलग आहे. झायगोट म्हणजे युग्मनज, आणि त्यातला ग्रीक ‘झुगोन’ म्हणजे जोखड. मराठी पारिभाषिक शब्दातला ‘युग्म’ त्याच घरातला आहे. डायग्नोसिसमध्ये ज्ञा धातू बसलेला आहे. ऑक्टोपस हा शब्द तर अक्षरशः अष्टपाद आहे, आणि मराठी पाठ्यपुस्तके त्या प्राण्याला तेच नाव देतात. डोस म्हणजे ‘देणे’, आपल्या दा धातूचाच ग्रीक भाऊ. तेव्हा आपण ज्याला उपदेशाचे डोस म्हणतो ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने निखळ दान ठरते, घेणाऱ्याला ते तसे वाटो वा न वाटो.

यातून एक नियम हाती लागतो. कोश तो एका ठिकाणी शिकवत नाही, पण पाच-सहा नोंदी शेजारी ठेवल्या की तो आपोआप दिसू लागतो. शब्दाच्या आरंभीचा, स्वरापूर्वीचा ‘स’ संस्कृतात टिकला, ग्रीकमध्ये मात्र त्याचा ‘ह’ झाला. सप्त आणि हेप्ता, सम आणि होमोस, सर्प आणि हेर्पेतोन या जोड्या पाहाव्यात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला हर्पेटॉलॉजी का म्हणतात आणि हर्पिस या पसरत जाणाऱ्या त्वचारोगाचे नाव कोठून आले, हे यावरून उलगडते. इराणी भाषांतही असाच बदल झाला, म्हणून सप्तचा फारसीत ‘हफ्त’ झाला आणि तिथून सात दिवसांचा ‘हप्ता’ मराठीत आला. कर्जाचा हप्ता आणि भूमितीतला हेप्टागॉन हे अशा रीतीने दूरचे भाऊबंद ठरतात.

‘हीलियम’ची नोंद याच नियमातली आहे, कारण ‘हेलिओस’ आणि सूर्य यांचे मूळ एक आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्या वर्षी सूर्यप्रकाशात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेवरून नॉर्मन लॉकयर यांनी नव्या मूलद्रव्याचा तर्क केला आणि त्याला सूर्याचे ग्रीक नाव मिळाले. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून याच ग्रहणाची गोष्ट सांगतात, त्यामुळे कोकणात जाऊन आलेल्या वाचकाला ही नोंद ओळखीची वाटेल. नावाच्या शेवटी धातूंना लावायचा प्रत्यय आहे, कारण हा वायू असेल अशी तेव्हा कल्पना नव्हती. ऑक्सिजनच्या नावातही अशीच एक जुनी चूक गोठून राहिली आहे : लाव्हाझिए यांना वाटले की प्रत्येक आम्ल या वायूपासूनच तयार होते, म्हणून त्यांनी ‘आम्ल निर्माण करणारा’ असे नाव दिले. समजूत पुढे खोटी ठरली, पण नाव टिकले. माझ्या पेटीतल्या पत्त्यावर ‘ऑक्सी म्हणजे ऑक्सिजन’ असे छापलेले आहे. ते चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु त्यातून कळत काहीच नाही.

सायकलविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला शक्य नाही. ग्रीक ‘कुक्लोस’, संस्कृत चक्र आणि इंग्रजी ‘व्हील’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, असे कोश सांगतो. म्हणजे मराठीतले चाक आणि त्यावर धावणारी सायकल यांच्यात भाषेचेही नाते आहे. त्याच ‘कुक्लोस’पासून ‘सायक्लोन’ हा शब्द तयार झाला, आणि तो युरोपात नव्हे, तर कोलकात्यात. तिथल्या हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करून 1848 साली तो रूढ केला. मराठीत आपण चक्रीवादळ म्हणतो. पिडिंग्टन यांच्या मनातली कल्पना मराठीने त्याच मुळाच्या शब्दात पुन्हा बांधली आहे.

या कोशाची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याचा संयम. आपल्याकडे व्युत्पत्तीची चर्चा निघाली की दोन शब्दांचा उच्चार जुळला एवढ्यावर नाते ठरवले जाते, आणि बहुधा जगातली सगळी भाषा संस्कृतातून निघाली या निष्कर्षावर गाडी थांबते. हा कोश संस्कृतला आई न मानता ग्रीकची बहीण मानतो. दोघींच्या पूर्वीच्या, लेखी पुरावा नसलेल्या भाषेची रूपे तो देतो तेव्हा त्यांच्यापुढे तारका छापलेली असते; ही रूपे अभ्यासकांनी तुलनेने रचलेली आहेत, कोठे लिहिलेली सापडलेली नाहीत, असा त्या तारकेचा अर्थ आहे. ग्रीक ‘थेओस’ आणि देव यांचा उच्चार आणि अर्थ दोन्ही इतके जवळचे आहेत की ते एकच असणार असे कोणालाही वाटेल, पण ती मुळे भिन्न आहेत. देवाचा खरा ग्रीक नातलग ‘झेउस’ आहे, आणि त्याचा आपल्याकडचा जुळा म्हणजे ऋग्वेदातला द्यौस्. ‘बटर’च्या बाबतीत ग्रीक ‘बूट्युरोन’ म्हणजे गाईचे चीज, आणि त्यातला ‘बूस’ म्हणजे आपला गो, असे सांगून झाल्यावर कोश असेही नोंदवतो की हा शब्द मुळात सिथियन, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या लोकांच्या भाषेतला असून ग्रीकांनी त्याला आपल्या भाषेत बसवून घेतलेले असणे शक्य आहे. ‘कदाचित’ म्हणण्याची अशी तयारी पत्त्यांच्या पेटीला परवडत नाही.

काही शब्द आपल्याकडून ग्रीकांकडे गेले, आणि तिथे नाते रक्ताचे नसून व्यापाराचे आहे. ‘पेपर’ म्हणजे मिरी हा शब्द ग्रीक ‘पेपेरी’मार्गे पिप्पलीपर्यंत, म्हणजे आपल्या काढ्यातल्या पिंपळीपर्यंत पोहोचतो. शुगर आणि सॅकरिन हे दोघेही शर्करेचे वंशज आहेत. पहिला फारसी आणि अरबीच्या वाटेने गेला, दुसऱ्याला रसायनशास्त्रज्ञांनी ग्रीक ‘साक्खारोन’वरून घडवले. या व्यापाराचे लेखी वर्णन ज्या ग्रीक पुस्तिकेत आहे ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’, आणि तिच्या नावातला समुद्र त्याच तांबड्या ‘एरिथ्रोस’चा आहे. कल्याण, सोपारा, चौल, पैठण आणि तेर ही आपली गावे तिच्यात ग्रीक उच्चारांत भेटतात. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, तीही याच काळाच्या आसपासची.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव लिपीची आहे. ग्रीक शब्द ग्रीक लिपीत नसून रोमन लिप्यंतरात दिलेले आहेत, आणि संस्कृत शब्दही तसेच आहेत. सामान्य इंग्रजी वाचकाला हे सोयीचे वाटेल, परंतु ज्याला देवनागरी येते त्याला दीर्घ आणि ऱ्हस्व, त आणि ट, श आणि ष यांचा अंदाज बांधत बसावे लागते. आम्ही भाचीच्या वहीत प्रत्येक संस्कृत शब्द देवनागरीत पुन्हा लिहून काढतो, आणि तसे केल्यावर निम्मी नाती आपोआप स्पष्ट होतात. दुसरे असे की हा कोश स्वतः मूळ संशोधन करत नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश, बार्नहार्ट, क्लाइन अशा प्रमाणभूत कोशांतले ज्ञान एकत्र करून तो सुबोध भाषेत मांडतो. ग्रीक शब्दाच्या ग्रीकपूर्व इतिहासाबद्दल काटेकोर मत हवे असेल, तर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट बीक्स यांच्या दोन खंडी व्युत्पत्तिकोशाकडेच जावे लागते. हार्पर यांनी काही नोंदींत त्याचाच हवाला दिला आहे. ग्रीक शब्दाचे प्राचीन ग्रंथांतले नेमके वापर पाहायचे असतील, तर टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर लिडेल आणि स्कॉट यांचा कोश मोफत उपलब्ध आहे. तो पहिल्यांदा 1843 साली निघाला. मात्र तो अकरावीच्या मुलीच्या हाती देण्याजोगा नाही, आणि मलाही त्यात वाट काढायला वेळ लागतो.

तिसरी मर्यादा कोशाची नव्हे, तर आपल्या अपेक्षेची म्हणावी लागेल. हा इंग्रजीचा कोश आहे, त्यामुळे ग्रीकमधून थेट आपल्याकडे आलेले शब्द त्यात स्वाभाविकपणे मुख्य स्थानी नाहीत. ‘सेंटर’च्या नोंदीत ग्रीक ‘केन्त्रोन’ म्हणजे टोचणारी अणी, कंपासचे स्थिर टोक, हे वाचून भाचीने विचारले, ‘मग आपले केंद्र?’ तेही तेच आहे. ग्रीक ज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला. केंद्र सरकार, आकाशवाणी केंद्र, परीक्षा केंद्र असे म्हणताना आपण दर वेळी ग्रीक बोलतो. इंग्रजीतला ‘अवर’ आणि पंचांगातली होरा हे दोन्ही एकाच ‘होरा’ शब्दाचे आहेत. ग्रीक नाणे ‘द्राख्मे’ प्राकृतात द्रम्म झाले आणि मराठीत दाम. असे शब्द धुंडाळायचे असल्यास कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी ठेवावा, किंवा शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश पाहावा. आम्ही आता एका खिडकीत इंग्रजीचा कोश आणि दुसरीत टर्नर उघडून बसतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर ही कसरत जमत नाही, त्यासाठी संगणकच हवा.

ज्याला केवळ परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास मुळे घोकायची आहेत, त्याला या संकेतस्थळाचा उपयोग नाही. तो वाटेत हरवून जाईल आणि पेपर राहील बाजूला. पेटी मी टाकून दिलेली नाही. भाचीने ‘मेट्रो’च्या पत्त्यावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘मात्रा’ आणि उजवीकडे ‘माता’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. ‘मेत्रोन’ आणि मात्रा यांचे नाते तिने स्वतः शोधून काढले होते, आणि मी ते कोशात पडताळून पाहिले. ते बरोबर होते.